एक जूनची माणसं

माझा जन्म एक जूनचा. म्हणजे शाळेच्या दाखल्यावर. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे रामायण झालं ते याच तारखेवरून झालं आणि त्यात माझी खुर्ची जायची वेळ आली. खुर्ची म्हणजे काही मंत्र्याची नव्हे. बेळगावातल्या एका शिक्षण संस्थेच्या कचेरीत कॉम्प्युटरसमोर ठेवलेली, चाकांची, गरगर फिरणारी खुर्ची. पण ती मला हवी होती. इतकी हवी होती की तिच्यासाठी मी कुणाशीही भांडले असते, आणि भांडलेच.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. संस्थेच्या शाळा काकतीकडं, बेळगुंदीकडं, तिकडं थेट निपाणीपर्यंत पसरलेल्या. मी कचेरीत रोजंदारीवर टायपिस्ट. निपाणीच्या टायपिंग क्लासात इंग्रजी-मराठी दोन्ही परीक्षा दिलेल्या, कन्नड कामापुरतं यायचं, आणि बोटं अशी पळायची की शेजारच्या टेबलावरचे अण्णा म्हणायचे, "बाई, जरा दमानं, मशीन पेटंल." राहायला आक्काकडं, म्हणजे थोरल्या बहिणीच्या घरी. आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत चाळणीवर. दिवसभर तंबाखू चाळायची आणि संध्याकाळी खोकत घरी यायची. तिच्या लुगड्याचा वास कितीही धुतलं तरी जायचा नाही. त्या वासाची मला लाज कधीच वाटली नाही. पण ती चाळणी आपल्या हातात येऊ द्यायची नाही, हे मी शाळेत असतानाच ठरवून टाकलं होतं.

संस्थेनं कॉम्प्युटर घेतला तेव्हा त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि पाणी उडू नये म्हणून तो नारळ खोलीच्या बाहेर फोडला. खोलीला एसी. माणसांना पंखा आणि यंत्राला एसी! चपला बाहेर काढायच्या. शिकवायला बंगळूरहून एक तरुण सर आले. मराठी मोडकंतोडकं, पण माणूस मनानं सरळ. कचेरीतल्या बऱ्याच जणांनी आठवडाभर हौस केली आणि मग कुणाचे डोळे दुखायला लागले, कुणाला सर्दी झाली. राहिले मी. आणि हेडक्लार्कसाहेबांचा भाचा, जो पुण्याला कसलासा डिप्लोमा करत होता आणि ज्याला सुट्टीत आल्यावर ही जागा द्यायचं साहेबांनी मनात पक्कं केलेलं होतं. ऑपरेटरची एकच कायम जागा होती. मुख्याध्यापकांच्या वार्षिक सभेत काम दाखवायचं, ते पटलं की ऑर्डर निघणार, आणि ऑर्डरवर शिफारशीची सही हेडक्लार्कसाहेबांची.

आता या साहेबांचं सांगते. बेळगावातलं जुनं घराणं, परीटघडीचा सदरा, खिशात तपकिरीची डबी. ज्या वखारीत माझी आई शिंकून शिंकून बेजार व्हायची तिथलाच भुकटा हे चांदीच्या डबीतून ओढायचे, आणि मला मात्र म्हणायचे, "निपाणीची माणसं लई उग्र." त्यांचा एक नियम होता. ते खोलीत आले की बसलेल्यानं उठायचं. बाकीच्यांनी अर्धवट उठल्यासारखं केलं तरी चालायचं, पण मी पूर्ण उभी राहिले नाही तर ते दारातच थांबायचे आणि घसा खाकरायचे. कॉम्प्युटरच्या खुर्चीवरून तर दिवसातून किती वेळा उठवलं असेल! "खुर्ची गरम करू नको गं, तुझी न्हाय ती अजून." मी उठायचे. दात आवळून उठायचे.

त्या यंत्रात डीबेस नावाचा प्रोग्राम होता. सुरू केला की काळ्या पडद्यावर एक ठिपका यायचा, बाकी काही नाही. त्या ठिपक्यापुढं आपण प्रश्न टाइप करायचा. पहिल्या दिवशी मी सरांना विचारलं, "म्हणजे हे काय करतंय?" सरांनी इंग्रजीत बरंच सांगितलं, ते डोक्यावरून गेलं. मग त्यांनी मुलांची फाइल उघडली आणि टाइप केलं, लिस्ट फॉर, आणि पुढं एका गावाचं नाव. सगळ्या शाळांतल्या मुलांमधून त्या एका गावची मुलं सरसर खाली उतरली. माझ्या तोंडून निघून गेलं, "अगंबाई, ही तर चाळणी!" सर म्हणाले, "चाळणी? येन अदु?" म्हणजे ते काय असतं? मी हातानं चाळून दाखवलं. वखारीत आई जाड जाळीची चाळणी घेते तेव्हा काड्या वर राहतात, बारीक जाळीची घेते तेव्हा पत्ती वर राहते आणि भुकटा खाली जातो. तंबाखू तोच, जाळी बदलायची. सर हसले आणि म्हणाले, तू पुढं कर.

मग काय, मला चटकच लागली. काउंट म्हटलं की मोजायचं, ॲव्हरेज म्हटलं की सरासरी, अँड आणि ऑर घालून दोन-दोन जाळ्या एकावर एक ठेवायच्या. सर म्हणायचे, यंत्र शहाणं नसतं, प्रश्न शहाणा लागतो. एकदा मी आपल्याच मनानं विचारलं, सातवीत मुली किती आणि आठवीत किती. आकडा असा घसरला की मला वाटलं मीच चुकले. मग गावाप्रमाणं विचारलं. जिथं आठवी गावातच होती तिथं मुली बऱ्याचशा टिकलेल्या, आणि जिथं आठवीसाठी दुसऱ्या गावाला चालत जावं लागायचं तिथं जवळपास सगळ्या गायब. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी लिहून ठेवलं नव्हतं. मी विचारलं म्हणून दिसलं. मला त्या दिवशी इतका आनंद झाला आणि त्याच वेळी इतका राग आला की चहा प्यायचं भान राहिलं नाही. त्या ठिपक्याला मी कुणाची, कुठल्या गल्लीतली, घरात भिंतीवर कुणाची तसबीर, याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. बरोबर विचारलं की बरोबर उत्तर. असं माझ्याशी आधी कुणी वागलेलं नव्हतं.

हेडक्लार्कसाहेबांना तो कागद दाखवला. ते म्हणाले, "हे तुला कुणी इचारलं हुतं?"

मुलांची सगळी माहिती यंत्रात भरली ती मीच. शाळाशाळांतून प्रवेशाच्या फॉर्मांचे गठ्ठे एसटीनं यायचे, मी टाइप करायचे, झाले की शिपाई परत नेऊन द्यायचा. नाव, बापाचं नाव, गाव, इयत्ता, जन्मतारीख. हाताखालून एक जून, एक जून, एक जून जात होतं आणि मला त्यात काडीचं नवल वाटलं नाही. का वाटावं? माझी एक जून. माझ्या आक्काची एक जून. आमच्या वर्गात ज्या मुली होत्या त्यांतल्या बहुतेकींची एक जून. मला वाटायचं, तारीख म्हणजे असतीच तशी.

सभेच्या आधीच्या शनिवारी सरांनी सराव म्हणून विचारायला लावलं, कुठल्या महिन्यात किती मुलं जन्मली. मी ऐटीत टाइप केलं. जानेवारी थोडी, फेब्रुवारी थोडी, मार्च, एप्रिल, मे थोडी. आणि जून! जूनचा आकडा बाकीच्या सगळ्या महिन्यांच्या बेरजेपेक्षा मोठा. सर खुर्चीवरून पुढं सरकले. आधी त्यांना वाटलं तारखेची पद्धत चुकली, कारण हा प्रोग्राम अमेरिकन, महिना आधी आणि दिवस मागून धरायचा. ते तपासलं, ते बरोबर होतं. मग त्यांनी जूनची मुलं पडद्यावर उतरवली. एक जून. त्याच्याखाली एक जून. पान संपलं, पुढचं पान, एक जून.

"एल्ला जून ओंदु?" सर म्हणाले. सगळी एक जून? मग माझ्याकडं वळून हिंदीत म्हणाले, "सच बोलो. फॉर्म देखा भी था?"

मी तोंड उघडायच्या आत मागून खाकरल्याचा आवाज आला. हेडक्लार्कसाहेब दारात. मी उठले. त्यांनी पडदा बघितला आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की काय सांगू.

"काय केलंय हे? एक तारीख घेतली न् समद्यांस्नी चिकटवली व्हय? फॉर्म उघडून बघायचं बी कष्ट न्हाईत?"

"साहेब, फॉर्मवर हेच हाय. मी बघून भरलंय."

"फॉर्म कुठं हाईत?"

फॉर्म परत शाळांत गेले होते, आणि शाळांना उन्हाळ्याची सुट्टी. ते त्यांनाही माहीत होतं.

"एवढी पोरं एका दिशी जन्मली व्हय गं? कुठली जत्रा हुती?" बाहेरच्या टेबलांवर हशा पिकला. "ह्यांच्यात कुठं तारखा असत्यात म्हणा. आमच्यात पत्रिका असती, घटकापळासकट. ज्याच्या घरातच न्हाय त्याला तारखेची किंमत काय कळणार?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ह्यांच्यात" म्हणजे कुणांत ते बाहेरच्या सगळ्यांना कळलं होतं. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही कामाचं बोला, घराचं न्हाय." तसे ते शांतपणानं म्हणाले, "कामाचंच बोलतोय. मंगळवारी सभा हाय. तिथं असलं दाखवून संस्थेचं हसं करायचं न्हाय. खोलीची किल्ली ठेव. भाचा येतोय, तो समदं पहिल्यापासनं भरंल." मी किल्ली टेबलावर ठेवली, आपटूनच ठेवली. सर काही बोलले नाहीत. मला साहेबांपेक्षा त्याचा जास्त राग आला.

रविवारी एसटी धरून निपाणीला गेले. आई परड्यात भांडी घासत होती. मी पायरीवर बसले आणि न विचारताच सगळं ओतलं. रडले नाही. शिव्या मात्र भरपूर दिल्या. आई ऐकत होती, घासत होती. शेवटी मी विचारलं, "आई, मी खरं कवा जन्मले गं?"

"शिमग्याच्या मागंपुढं. नवा तंबाखू वखारीत आलता. सकाळी कामाला गेलते, दुपारी पोटात कळा सुरू झाल्या."

"मग एक जून कुठनं आली?"

"मास्तरानं घातली की. समद्यांस्नी तीच घालायचा." तिनं राखेचा हात तसाच वर केला आणि डोक्यावरून दुसऱ्या बाजूच्या कानाला लावून दाखवला. "असा हात करायला लावायचा. हात कानाला लागला तर सा वर्साचं झालं, न्हाय लागला तर फुडच्या साली या. तुझा लागंना. मी म्हटलं, मास्तर, घ्या हो, घरात ठिवून हिला कुणाकडं सोडू? वखारीत न्यावी लागंल. तर मास्तर म्हटला, मान वाकीव गं पोरी. तू मान वाकीवली न् लागला हात."

हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आई पुन्हा भांडी घासायला लागली.

"तारखेचं काय घिऊन बसलीस? तारीख मास्तरानं दिली, जनम म्या दिला. त्या टोपीवाल्याला सांग जा तुझ्या."

"टोपी घालत न्हाईत ते."

"मग नुसतं सांग."

परत येताना एसटीत खिडकीशी जागा मिळाली. मान वाकवणारी ती पोर माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. मास्तरानं कुणाचं वाईट केलं नव्हतं. जून म्हणजे शाळा उघडायचा महिना, आज प्रवेश आणि आजच सहा वर्षं पूर्ण. पण हे तोंडानं सांगून कोण मानणार? भरलेलं माझ्या हातचं, म्हणजे चोर मीच. मला माझ्या हातानं न भरलेलं काहीतरी हवं होतं. आणि मग बसल्या जागी मला फुलांची टोपली आठवली. दरवर्षी एकतीस मेला कचेरीत शिपाई टोपली भरून हार आणायचा. वर्षभरात एखाददुसरा मास्तर निवृत्त व्हायचा, पण एकतीस मेला रांगच्या रांग. शाली कमी पडायच्या, भाषणं आटोपती घ्यावी लागायची. पहिल्या तारखेचा जन्म असेल तर आदल्या दिवशी निवृत्ती, हा नियम कचेरीतल्या शेंबड्या पोराला ठाऊक. म्हणजे ही सगळी माणसं कधी जन्मली? मी एसटीत एकटीच मोठ्यानं हसले. शेजारच्या बाईनं पिशवी जवळ ओढून घेतली.

सोमवारी सर यायच्या आधी मी खोलीच्या दारात उभी.

"सर, एकच प्रश्न विचारते. नंतर जाते."

"किल्ली मी कसा देऊ?"

"किल्ली तुमच्याकडंच ठेवा. तुम्ही टाइप करा. मी हात बी लावत न्हाय. शिक्षकांची फाइल उघडा."

शिक्षकांची आणि कचेरीतल्या लोकांची फाइल सरांनी स्वतः भरली होती, आम्हाला नमुना दाखवायला म्हणून, सेवापुस्तकं आणि रोजंदारीवाल्यांचे दाखले समोर ठेवून. माझं बोटसुद्धा तिला लागलं नव्हतं. सरांच्या लक्षात आलं मी काय म्हणतेय ते. बंगळूरच्या दवाखान्यात जन्मलेला माणूस, त्याला जन्मतारीख म्हणजे जन्मतारीख. भरताना त्यांनीही एकेक पुस्तक बघून भरलं होतं, सगळं एकत्र कधी चाळलं नव्हतं. त्यांनी टाइप केलं, लिस्ट फॉर, जन्म बरोबर, दिवस एक, महिना सहा.

पडदा भरला. मुख्याध्यापक, मास्तर, बाई, शिपाई. सर एकेक नाव वाचत होते आणि त्यांचे कान लाल होत होते. मी म्हटलं, "आता शाळेप्रमाणं मुलं बघा. मी आळस केला असता तर सगळ्या शाळांत सारखाच केला असता." ते त्यांनी स्वतःच्या हातानं केलं. कॅम्पाच्या बाजूच्या शाळेत, जिथली पोरं दवाखान्यात जन्मलेली, तिथं तारखा सगळ्या वर्षभर विखुरलेल्या. खेड्यातल्या शाळांत एक जूनचा ढीग. आणि एका घरातली भावंडं, बापाचं नाव एक, वर्षाच्या अंतरानं दोघंही एक जून.

"सॉरी," सर म्हणाले. नुसतं एवढंच म्हणाले आणि उठून मला खुर्ची दिली. मी बसले. शिक्षकांची फाइल परत वर आणली, कारण मघाशी दुसऱ्या पानावर एक नाव ओझरतं गेलं होतं आणि माझा डोळ्यांवर विश्वास बसला नव्हता.

मागून घसा खाकरला. मी उठले. पण उठताना पडद्यापुढून बाजूला झाले, मुद्दाम. हेडक्लार्कसाहेबांनी पडद्यावर बघितलं. तिथं त्यांचं नाव होतं, पुढं एक जून. घटकापळासकट! या मेअखेर तेही निवृत्त होणार हे कचेरीला ठाऊक होतं, पण पत्रिकेच्या बढायांपुढं त्यावरून तारीख कुणी काढलीच नव्हती. मला इतकं बोलायचं होतं की जीभ शिवशिवत होती. पण त्यांचा चेहरा असा उतरला होता की मी ती आवरली. ते पाठ फिरवून निघून गेले.

म्हणजे मी जिंकले असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. मंगळवारी सभेत सेक्रेटरीसाहेब, सगळे मुख्याध्यापक, पहिल्या ओळीत हेडक्लार्कसाहेब. सरांनी मला बोलायला उभं केलं. मी मुलींच्या आठवीचं सांगितलं, माना डोलल्या. मग जूनचं सांगितलं. ज्यांनी स्वतःच्या हातानं ती तारीख घातली होती ते मास्तर छताचा पंखा बघायला लागले. सेक्रेटरीसाहेब मात्र व्यवहारी माणूस. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "बरं, झालं ते झालं. पण पुढं तपासणी आली तर हे बरं दिसत न्हाय. यंत्रातल्या तारखा जरा पसरून टाक. काही ऑगस्ट, काही डिसेंबर. कुठं काय बिघडतंय? एवढं केलंस की तुझी ऑर्डर काढू."

किती सोपं होतं बघा. सरांनी शिकवलेली एक ओळ, रिप्लेस म्हणायचं, आणि शेकडो पोरांचे वाढदिवस एका झटक्यात बदलायचे. खुर्ची समोर ठेवलेली. फक्त बसायचं.

"न्हाय जमणार," मी म्हटलं.

"काय?"

"न्हाय जमणार साहेब. मास्तरांनी तारीख घातली ती पोराला शाळेत घ्यायला घातली. मी घालायची ती कशासाठी? तपासणीत बरं दिसायला? त्या पोराच्या दाखल्यावर एक आणि यंत्रात एक, उद्या त्याला नोकरीला लावताना तुम्ही येणार हाय का सांगायला?" माझा आवाज चढला होता, मला कळत होतं, पण थांबायची इच्छा नव्हती. "मला शनिवारी ह्याच कचेरीत सांगितलं की मी मनानं तारखा भरल्या. तवा ते खोटं हुतं. आता तुम्ही मला ते खरं करायला सांगताय. मी करणार न्हाय. जागा दुसऱ्याला द्यायची तर द्या."

शेवटच्या ओळीतून बेळगुंदीच्या बाजूचे एक म्हातारे मुख्याध्यापक उठले. त्याच महिन्यात निवृत्त होणार होते ते. म्हणाले, "बाई खरं बोलत्यात. म्या लिवल्यात त्या तारखा. हात कानाला लावून बघितला न् लिवल्या. न्हाय लिवल्या असत्या तर निम्मी पोरं रानात गेली असती. लपवायचं कशाला?" त्यांच्यामागं आणखी एक उठले. मग आणखी. पंखा बघणारे सगळे खाली बघायला लागले होते, ते आता एकमेकांकडं बघायला लागले.

सेक्रेटरीसाहेब वैतागले. "मग करायचं काय, ते तरी सांगा!"

ते मी आदल्या संध्याकाळी सरांशी बोलून ठेवलं होतं. तारखेला हात लावायचा नाही. फाइलमध्ये एक नवा रकाना घालायचा, अंदाज नावाचा. तारीख अंदाजानं घातलेली असेल तर वाय, म्हणजे हो. खात्रीची असेल तर एन. पुढं कुणी महिन्याचा हिशोब मागितला तर आधी एन चाळून घ्यायचे आणि फक्त त्यांचाच सांगायचा. आणि वाय असलेल्यांचं जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणायचं. सर म्हणाले, हे त्यांना त्यांच्या कोर्सात कुणी शिकवलं नव्हतं. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, बघू. माझ्या नावाची ऑर्डर शिफारशीच्या सहीसाठी हेडक्लार्कसाहेबांच्या टेबलावर गेली आणि तिथंच पडून राहिली.

पडून राहू दे म्हटलं. भाच्याचं नाव कुणी परत काढलं नाही. मी रोजंदारीवर येत राहिले, रकाना भरत राहिले. ते आले की उठत राहिले.

एकतीस मे आला. हारांची टोपली आली. भाषणं झाली, पेढे वाटले. संध्याकाळी कचेरी पांगली आणि मी खोलीत शिक्षकांची फाइल पुरी करत बसले होते. दोनच नावांपुढचा रकाना रिकामा राहिला होता. दाराशी चपला काढल्याचा आवाज आला. घसा खाकरला नाही. हेडक्लार्कसाहेब आत आले, गळ्यातला हार काढून हातात धरलेला, खांद्यावर शाल. मी उठायला लागले तर त्यांनी नुसता हात हलवला.

"माझ्या नावाफुडं काय घातलंस?"

"अजून काय न्हाय. तुमची पत्रिका हाय म्हणालता. पत्रिका असंल तर एन घालते."

"पत्रिका थोरल्याची केलती," ते म्हणाले. "माझ्या वक्ताला बाप गेल्ता. कोण करणार? आई घिऊन गेली मास्तराकडं." मग त्यांनी हार टेबलावर ठेवला, उजवा हात डोक्यावरून नेला आणि डाव्या कानाला लावला. परीटघडीच्या सदऱ्यात, साठीला टेकलेला माणूस. हात कानाला पोचायला त्यांना आजही मान जराशी वाकवावी लागली. "घाल वाय," ते म्हणाले.

सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यांनी यंत्राशेजारी ठेवला. ऑर्डर होती. खाली सही, तारीख त्याच दिवसाची. "ह्यांच्यात" म्हणाल्याबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाही.

मी त्यांना माफ केलं असं कुणी समजू नये. मी केलं नाही, आणि त्यांनी मागितलीही नाही. मी पडद्याकडं वळले. आधी माझ्या नावापुढं वाय घातला, मग त्यांच्या नावापुढं. ते हार उचलून दाराकडं निघाले. मी खुर्चीवरून उठले नाही. दारात ते क्षणभर थांबले, पण खाकरले नाहीत.